आपल्या चवीचा बोर्डगेम कसा निवडावा

डब्यावरच्या चित्राला भुलू नका. आधी नेहमी जमणारी माणसं मोजा. मूळ कटान हा गाजलेला बोर्डगेम ३-४ जणांचाच आहे. घरात दोघंच असाल तर तो धूळ खात पडेल.

मग आवडत्या खेळात नेमकं काय आवडतं ते पाहा. रमीत पानं जुळवायची मजा येते? तिकीट टू राइड घ्या. तिथे एकाच रंगाचे पत्ते जमवून रेल्वेमार्ग मिळवायचे असतात. बुद्धिबळासारखं नशिबाशिवाय भिडायचंय? हाइव्ह घ्या. दोघांचा खेळ, पट नाही, प्रतिस्पर्ध्याची राणीमाशी चहूबाजूंनी घेरली की जिंकलात.

भांडणं नकोत म्हणून लोक पँडेमिक आणतात, कारण त्यात सगळे एका बाजूला. पण हातातल्या पत्त्यांबद्दल मोकळेपणाने बोलता येत असल्याने एखादा जाणकार सगळ्यांच्या चाली ठरवतो आणि बाकीचे जांभया देतात. असा दादा तुमच्यात असेल तर द क्रू हा सगळ्यांनी मिळून खेळायचा पत्त्यांचा खेळ बरा: हुकूम, हात सगळं मेंढीकोटच्या वळणाचं, फक्त बोलण्यावर बंधन.

बोर्डगेमगीक या संकेतस्थळावर प्रत्येक खेळाच्या किचकटपणाला १ ते ५ गुण असतात. नवख्यांनी २ च्या आसपास राहावं. ३ च्या पुढे पहिली संध्याकाळ नियम वाचण्यातच जाते. शक्य असेल तर विकत घेण्याआधी बोर्डगेम कॅफेत एक डाव खेळून बघा.