घरच्या रेड वाइनची गोडी जोखताना या चुका टाळा

आंबणं थांबल्यासारखं वाटलं की घोटभर चाखून बघायचा मोह होतोच. जरूर चाखा, फक्त त्या घोटावर निकाल देऊ नका. कोवळ्या वाइनच्या बाबतीत जीभ दोन्हीकडून फसते. साखर संपलेली असली तरी अल्कोहोल आणि फळाचा वास मिळून गोडीचा भास होतो. उलट साखर शिल्लक असली तरी आंबटपणा आणि तुरटपणा तिला झाकून टाकतात.

एअरलॉकचे (भांड्यातला वायू बाहेर सोडणाऱ्या, पण हवा आत न येऊ देणाऱ्या झडपेचे) बुडबुडे हाही भरवशाचा साक्षीदार नाही. झाकण नीट बसलं नसेल तर आंबणं जोरात चालू असूनही बुडबुडा दिसत नाही. थंडी पडली की यीस्ट सुस्तावतं आणि ऊब आली की पुन्हा कामाला लागतं. मी एकदा इथेच चुकलो. हायड्रोमीटरचा (द्रवात तरंगून त्याची घनता दाखवणाऱ्या काचेच्या नळीचा) आकडा १.००४ वर स्थिर दिसला म्हणून बाटल्या भरल्या. खोली गार आहे याकडे लक्षच दिलं नाही. उन्हाळा लागताच बुचं वर सरकू लागली. लिटरमागे ४ ग्रॅम साखर जरी बाटलीत आंबली, तरी सुमारे १ लिटर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. काच फुटून इजा होण्याइतकी ही गंभीर गोष्ट आहे.

म्हणून हायड्रोमीटर हवाच. साखर जितकी जास्त, तितका आकडा मोठा. पाण्याचा आकडा १.०००. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे साखर संपलेली वाइन त्याच्याही खाली, साधारण ०.९९० ते ०.९९६ च्या दरम्यान जाते. म्हणजे १.००० दिसलं की झालं, असं नाही. यीस्टला सोसेल अशा उबेत, तीन दिवस लागोपाठ तोच आकडा आला पाहिजे.

हायड्रोमीटरही चुकतो, पण चूक बहुतेक वेळा मोजणाऱ्याची असते. ताज्या वाइनमध्ये वायू विरघळलेला असतो. नमुना ओतला की हायड्रोमीटरच्या अंगाला मोहरीएवढे बुडबुडे चिकटतात आणि त्याला वर उचलतात, मग वाइन आहे त्यापेक्षा गोड दिसते. नमुना बरणीत अर्धा भरून हलवा, झाकण उघडून वायू जाऊ द्या, फसफस थांबेपर्यंत हेच करा. मग नळीत ओतून हायड्रोमीटरला दोन बोटांनी गिरकी द्या. तापमानही पाहा: २० अंशांसाठी आखलेला हायड्रोमीटर ३० अंशांच्या वाइनमध्ये साधारण ०.००३ ने कमी दाखवतो. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वळतो त्यावरून साखर मोजणारं उपकरण) मात्र न आंबलेल्या रसासाठीच ठेवा. अल्कोहोल तयार झालं की त्याचा आकडा थेट वाचता येत नाही.

आकडा १.०१० च्या आसपास अडकला तर सुकं यीस्ट वरून भुरभुरू नका. अल्कोहोलमध्ये ते तग धरत नाही. आधी वाइन २० ते २५ अंशांवर आणा आणि तळाचा गाळ हलकेच ढवळा. तरीही हललं नाही, तर अल्कोहोल सोसणारं यीस्ट वेगळ्या भांड्यात जागवून त्यात थोडी थोडी वाइन मिसळत त्याला सवय लावा, मगच मोठ्या भांड्यात घाला.

सगळ्यात जास्त वाइन बिघडते ती घाईने साखर घातल्यामुळे, असं माझं ठाम मत आहे. कोवळी रेड वाइन हिरड्या आवळते ती टॅनिनमुळे, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतल्या तुरट द्रव्यामुळे. त्यावर साखर हा इलाज नाही, महिने लागतात. गाळावरून काढून काठोकाठ भरलेल्या भांड्यात तीन महिने ठेवा, मग पुन्हा चाखा. तीही फ्रिजमधून काढल्या काढल्या नको, कारण गारठ्यात तुरटपणा जास्त जाणवतो. १६ ते १८ अंश ठीक.

तेव्हाही गोडी हवीशी वाटली तर पोटॅशियम सॉर्बेट आणि सल्फाइट दोन्ही लागतील. सॉर्बेट यीस्टची वाढ रोखतं, चालू आंबणं थांबवत नाही. वाइनमध्ये मॅलोलॅक्टिक जिवाणू (तीव्र मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल करणारे) असतील तर सॉर्बेट टाळाच, नाहीतर जिरेनियमच्या पानांसारखा वास येतो आणि तो काढता येत नाही. साखर सगळ्या वाइनमध्ये घालण्याआधी १०० मिलिलिटरचे चार ग्लास भरा. एक तसाच ठेवा, बाकीच्यांत अर्धा, एक आणि दीड ग्रॅम साखर विरघळवा आणि झाकून रात्रभर राहू द्या. सकाळी चाखताना सुरुवात बिनसाखरेच्या ग्लासापासून करा.