बेळगावातून परदेशी मीडियम वेव्ह स्टेशनं कशी पकडायची

बरेच जण विचारतात, तुमच्याकडं ढाका लागतं म्हणे, आमच्या रेडिओवर का लागत नाही. लागतं. तुमच्याच रेडिओवर लागतं, फक्त कधी ऐकायचं आणि रेडिओ कुठं तोंड करून ठेवायचा एवढं कळलं पाहिजे. महागाचा सेट घ्यायच्या आधी हे दोन महिने करून बघा.

पहिलं म्हणजे वेळ. दिवसा मीडियम वेव्हवर धारवाड आणि जवळपासचं एखादं सोडलं तर काही येत नाही, कारण वर हवेत जो डी थर आहे तो उन्हात या लहरी गिळून टाकतो. दिवस मावळला की तो विरतो आणि मग लहरी आणखी वरच्या थरावर आपटून हजार-दोन हजार किलोमीटर लांब उतरतात. म्हणजे अंधार तिकडं पण पाहिजे आणि इकडं पण. ढाक्याला आपल्या आधी अंधार पडतो, म्हणून थंडीत आपल्याकडं सहा-साडेसहाला कडूस पडलं की पूर्वेकडचं आधी उघडतं, आखाताकडचं आठच्या पुढं. पहाटे उलटं, पूर्वेकडचं आधी विझतं आणि पश्चिमेकडची स्टेशनं आपल्याला उजाडेपर्यंत टिकतात. सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी, एकदा वळीव सुरू झाला की विजांचा कडकडाट सगळ्या बँडवर.

रेडिओ डिजिटल असेल तर सेटिंगमध्ये स्टेप, म्हणजे फ्रिक्वेन्सी एका वेळी कितीनं सरकते ते, ९ किलोहर्ट्झची करून घ्या. १० ची अमेरिकेसाठी असते, त्यावर आपल्याकडची स्टेशनं धड बसत नाहीत. आणि वरची एरिअल ओढून काही उपयोग नाही, ती एफएम आणि शॉर्ट वेव्हची. मीडियम वेव्हसाठी आत फेराइटची काळी कांडी असते, बहुतेक सेटमध्ये आडवी. स्टेशन त्या कांडीच्या बाजूला आलं की जोरात, कांडीचं टोक स्टेशनकडं झालं की आवाज बसतो.

आता आपल्या भागातली खरी अडचण. धारवाड ७६५ किलोहर्ट्झवर, २०० किलोवॅटचं, आणि बेळगावपासून रस्त्यानं ७५-८० किलोमीटर. साध्या सेटवर ते आजूबाजूच्या फ्रिक्वेन्सींवर पण सांडतं, ७५६ आणि ७७४ तर विसराच. खरं त्याचाच उपयोग करून घ्यायचा. रेडिओ टेबलावर सपाट ठेवा, ७६५ लावा आणि सावकाश फिरवत जा, एका जागी धारवाड एकदम खाली जातं, अगदी बोटभर इकडंतिकडं झालं तरी परत वर येतं, ती जागा खडूनं मार्क करून ठेवा. धारवाड आपल्या आग्नेयेला, म्हणजे त्या मार्कवर आखाताकडची स्टेशनं पण पडतात कारण ती बरोबर उलट्या बाजूला, वायव्येला आहेत. ढाका मात्र पूर्व-ईशान्येला, त्याला त्या मार्कवर जवळजवळ पूर्ण ताकद मिळते. म्हणून सुरुवात ६९३ पासून करा, बांगलादेश बेतारचं हजार किलोवॅटचं ट्रान्समीटर आहे. निपाणीकडच्यांना धारवाड जास्त दक्षिणेला पडतं, त्यांनी मार्क स्वतःचा काढावा, त्यांचं आखात थोडं वाचतं.

नंतर ८८२, श्रीलंकेतल्या पुत्तलमहून ट्रान्स वर्ल्ड रेडिओ, आपल्याकडच्या भाषांत पण बोलतात. रात्री उशिरा १५२१ वर सौदी अरेबिया शोधा.

लूप एरिअल घरी होते. ६० सेंटिमीटरची लाकडी चौकट, त्यावर साध्या वायरचे १२ वेढे, वेढ्यावेढ्यात थोडी जागा सोडून, वायर ३० मीटर धरून चला. दोन्ही टोकं जुन्या रेडिओतल्या गँग कंडेन्सरला, म्हणजे स्टेशन लावायचं बटण फिरवलं की आत फिरतो त्याला. गँग भंगारात गेलेल्या सेटमधून काढून घ्या, रेडिओ रिपेअरवाले देतात. रेडिओला वायर जोडायची नाही, फक्त लूपच्या शेजारी ठेवायचा. गँग फिरवत गेलं की एका जागी मेलेलं स्टेशन भुस्सकन वर येतं, ती जागा फार बारीक असते, हात हलका ठेवा. लूपची कड स्टेशनकडं पाहिजे, सपाट बाजू नव्हे.

टिळकवाडी, शहापूरसारख्या दाट वस्तीत एलईडी बल्ब, मोबाईलचे चार्जर, इन्व्हर्टर यांची गुरगुर सगळ्यात मोठी. लाईट गेली की लगेच रेडिओ काढा, एरवी न दिसणारी स्टेशनं तेव्हा दिसतात. सेलवरच चालवा, अडॅप्टर नको. शेतात सगळ्यात छान, खरं पंपाच्या स्टार्टर पेटीपासून लांब बसा. मागच्या डिसेंबरात येळ्ळूरकडं शिवारात, उसाच्या फडाच्या कडेला बांधावर रेडिओ ठेवला होता, दव पडून कॅबिनेट ओलं झालेलं, आणि ६९३ वर बंगाली बातम्या अशा स्वच्छ की पानांची सळसळच मध्ये येत होती.

बंगाली ऐकू आलं म्हणजे ढाकाच असं मात्र समजू नका. आकाशवाणी मैत्री ५९४ वर बंगालीच आहे, ती पण हजार किलोवॅट, मी पहिल्या वर्षी तिलाच ढाका म्हणून वहीत लिहून ठेवलं होतं. फ्रिक्वेन्सी बघा आणि स्टेशनचं नाव ऐकल्याशिवाय लिहू नका. बांगलादेश आपल्या अर्धा तास पुढं, म्हणून त्यांचा तास आपल्या साडेसात, साडेआठला भरतो, नाव तेव्हा सांगतात. सौदी अडीच तास मागं, त्यांचं पण अर्ध्यावरच. इराण दोन तास मागं, तिथं आपल्या पुऱ्या तासाला कान लावा.

वहीत वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जगभराच्या प्रमाण वेळेत लिहा, आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा. स्टेशनला रिपोर्ट पाठवून क्यूएसएल कार्ड, म्हणजे तुम्ही त्यांना ऐकलंत याची पावती, मागवायचं असेल तर तारीख, फ्रिक्वेन्सी, यूटीसी वेळ, सिनपो (सिग्नल, अडथळा, गोंगाट, चढउतार आणि एकंदर दर्जा यांचे पाच आकडे) आणि किमान १५-२० मिनिटांत काय काय ऐकलं ते मिनिटासकट लिहा, गाणं, जाहिरात, निवेदिका बाई की पुरुष, सगळं. भाषा कळत नसली तरी चालतं, ऐकू आलेला एखादा शब्द जसाच्या तसा लिहा. नुसतं 'छान ऐकू आलं' लिहिलं तर त्यांनी ताडून बघायचं कशावरून.