रस्ता नसलेल्या जमिनीवरचे चालकरहित लष्करी वाहन : संशोधनाला सुरुवात कशी करावी

लष्करी वापराच्या चालकरहित वाहनांवर काम करू इच्छिणारे अभियांत्रिकीचे विद्यार्थी बहुधा कॅमेरा आणि न्यूरल नेटवर्क यांपासून सुरुवात करतात. माझ्या मते सुरुवात जमिनीपासून करावी. शहरातल्या मोटारीला पांढऱ्या पट्ट्यांचा आणि सिग्नलचा आधार असतो. सैन्याच्या वाहनाला मात्र नांगरट, ओघळ, कमरेएवढे गवत आणि धूळ यांतून वाट काढायची असते, आणि तीही जीपीएसचा संकेत शत्रूने दाबून टाकलेला असण्याची शक्यता गृहीत धरून.

पहिले काम म्हणजे ‘स्वायत्त’ या शब्दाचा आपल्यापुरता अर्थ ठरवून तो वहीत लिहून ठेवणे. पुण्याजवळ दिघी येथे डीआरडीओच्या अभियांत्रिकी आस्थापनेत तयार झालेला ‘दक्ष’ हा बॉम्बशोधक यंत्रमानव जिने चढतो आणि संशयित वस्तूची क्ष-किरण तपासणी करतो. पण तो दूरनियंत्रित आहे, म्हणजे निर्णय दूर बसलेल्या माणसाचाच असतो. बॉम्ब निकामी करण्याच्या कामी हेच योग्य आहे. मात्र दूरनियंत्रणाचा दुवा तुटला की काय होते, याचा धडा रशियाच्या ‘उरान-९’ या सशस्त्र वाहनाने २०१८ मध्ये सीरियात दिला : तिथल्या ठेंगण्या इमारतींमध्ये ३०० ते ५०० मीटरवरच नियंत्रण सुटू लागले. संपर्क तुटल्यावर वाहनाने निदान सुरक्षित थांबावे किंवा आल्या वाटेने परतावे, एवढी स्वायत्तता हासुद्धा एका प्रबंधाला पुरेल असा विषय आहे.

त्यानंतर एकच अडचण निवडावी. नवख्याने मी चर किंवा नाला निवडावा असे सुचवीन, कारण उंच अडथळ्यापेक्षा खोलगट अडथळा ओळखणे फार अवघड असते आणि ते का, हे कागदावर आकडेमोड करून पाहता येते. समजा, वाहनाचा वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर आहे. अडथळा ओळखून ब्रेक लागेपर्यंत अर्धा सेकंद गेला, तर ५ मीटर अंतर तिथेच कापले गेले. भुसभुशीत मातीत घर्षणगुणांक ०.४ धरला, तर पुढे थांबायला सुमारे १३ मीटर लागतात. म्हणजे चर किमान १८ मीटरवरून दिसला पाहिजे. आता २ मीटर उंचीवर बसवलेल्या लिडारमधून (लेसर किरण सोडून अंतर मोजणाऱ्या उपकरणातून) १८ मीटरवरचा, १ मीटर रुंदीचा चर पाहिला, तर त्याची अलीकडची आणि पलीकडची कड यांत जेमतेम ०.३३ अंशाचा कोन होतो. पंचेचाळीस अंशांचा उभा पट्टा ६४ किरणांत विभागणाऱ्या लिडारमध्ये दोन किरणांतले अंतर सुमारे ०.७ अंश असते. चर दोन किरणांच्या मध्ये अलगद नाहीसा होऊ शकतो! त्याच अंतरावरची १ मीटर उंचीची भिंत मात्र ३ अंशांहून अधिक जागा व्यापते आणि चार-पाच किरणांत सापडते. वेग निम्मा केला, तर थांबण्याचे अंतर ६ मीटरच्या आत येते, चराचा कोन २.७ अंशांपर्यंत वाढतो आणि निदान तीन किरण त्यात उतरतात.

हा हिशेब शेतात तपासावा. पीक निघाल्यावर मालकाच्या परवानगीने १ मीटर रुंदीचा चर खणावा, त्यापासून ५, १०, १५ आणि २० मीटरवर फक्कीने रेघा माराव्यात, तिकाटण्यावर लिडार २ मीटर उंचीवर ठेवून प्रत्येक रेघेवरून मोजणी घ्यावी. चराच्या काठी गवत असेल तर तीच मोजणी गवत कापण्यापूर्वी आणि कापल्यानंतर करावी. गवताची पाती किरण परतवतात आणि चराचे तोंड झाकून टाकतात, हे आकड्यांत दिसले की पुढचा प्रश्न आपोआप सुचतो. उपायांचे मार्ग अनेक आहेत. अमेरिकेतील जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीच्या संशोधकांनी २००३ साली दाखवले की रात्री खड्ड्याचा आतला भाग भोवतालच्या जमिनीपेक्षा उबदार राहतो आणि तो औष्णिक कॅमेऱ्यात उठून दिसतो. काळ्या मातीच्या भेगाळलेल्या रानात हे कितपत लागू पडते, हे आपल्याकडच्या विद्यार्थ्याने तपासण्यासारखे आहे.

वाहनावर सेन्सर चढवल्यावर सर्वांत जास्त वेळ खाते ते घड्याळ जुळवणे. लिडार आणि झुकाव मोजणारे उपकरण यांच्या वेळा जुळल्या नाहीत आणि त्यामुळे झुकावात केवळ १ अंशाची चूक राहिली, तरी २० मीटरवरची सपाट जमीन ३५ सेंटीमीटर उंच भासते आणि वाहन नसलेल्या बांधापाशी थांबते. म्हणून प्रत्येक मोजणीवर वेळेचा शिक्का हवा आणि कच्चा डेटा जपून ठेवायलाच हवा. रॉस-२ या यंत्रमानवांसाठीच्या खुल्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे. स्वतःचे वाहन नसेल, तर गॅझेबोसारख्या सिम्युलेटरवर आणि टेक्सासमध्ये नोंदवलेल्या, सर्वांना खुल्या असलेल्या ‘रेलिस-थ्रीडी’ या डेटासंचावर काम सुरू करता येते. फक्त तिथले गवत आणि आपले गवत एक नाही, हे विसरू नये.

निष्कर्ष लिहिताना यशस्वी फेरीचा व्हिडिओ हा पुरावा मानू नये. किती किलोमीटरमागे माणसाला किती वेळा हस्तक्षेप करावा लागला, हा आकडा द्यावा आणि प्रत्येक हस्तक्षेपाचे कारण नोंदवावे. मार्च २००४ मध्ये अमेरिकेच्या मोहावी वाळवंटात डार्पा या तिथल्या संरक्षण-संशोधन संस्थेने घेतलेल्या चालकरहित वाहनांच्या स्पर्धेत सुमारे २२८ किलोमीटरपैकी सर्वांत पुढे गेलेले वाहन १२ किलोमीटरच्या आसपास अडकले. ऑक्टोबर २००५ मध्ये मात्र पाच वाहनांनी सुमारे २१२ किलोमीटर पूर्ण केले आणि स्टॅनफर्डच्या ‘स्टॅन्ली’ने ते सात तासांच्या आत पार केले. जवळच्या ज्या जमिनीची लिडारने खात्री केली, तिचा रंग कॅमेऱ्याला शिकवून त्यावरून दूरची वाट ओळखण्याची युक्ती ‘स्टॅन्ली’ने वापरली होती, खोलगट अडथळ्यावर काम करणाऱ्याने ती मुळातून समजून घ्यावी.

शस्त्र बसवलेल्या वाहनाचा विषय महाविद्यालयात घेऊ नये, असे मी स्पष्टच सांगेन. रसद पोहोचवणे आणि जखमींना मागे आणणे या कामांत तांत्रिक आव्हान तेवढेच मोठे आहे. चाचणीची जागा छावणीच्या किंवा संरक्षण आस्थापनेच्या हद्दीजवळ असेल, तर चित्रीकरणाची व मोजणीची लेखी परवानगी आधी मिळवावी, आणि वाहन कितीही लहान असले तरी त्यावर हाताच्या पंजाएवढे लाल आपत्कालीन बटण व दुसऱ्याच्या हाती वायरलेस थांबा-कळ असल्याशिवाय चाके जमिनीला टेकवू नयेत.