डोंगरातल्या सरोवराचा पॅनोरामा: या चुका टाळा

पॅनोरामासाठी, म्हणजे शेजारशेजारचे फोटो जोडून एकच रुंद चित्र करण्यासाठी, संगणकावर फोटो जोडायला घेतले. डोंगररांग झकास जुळली, आभाळही जुळलं, आणि पाण्यात मात्र एकाच खडकाला दोन टोकं फुटली. मग आपण सॉफ्टवेअरला शिव्या घालतो. मीही बरीच वर्षं घातल्या. पण चूक बहुतेकदा काठावर उभं असतानाच झालेली असते. झाडाझुडपांच्या गर्दीत फसलेला सांधा दडून जातो, स्थिर पाण्यात तो लगेच डोळ्यांत भरतो.

पायाजवळचा दगड

हातात कॅमेरा धरून आपण स्वतःभोवती वळतो तेव्हा कॅमेरा जागच्या जागी फिरत नाही, आपल्याभोवती गोल फिरतो. समोर फक्त लांबचे सुळके असतील तर काही बिघडत नाही. पण चौकटीत दीड-दोन मीटरवरचा दगड आला, की तो प्रत्येक फोटोत मागच्या काठाच्या तुलनेत थोडा सरकतो. हाच पॅरलॅक्स. एका फोटोत दगडाआड झाकलेला भाग दुसऱ्यात उघडा पडलेला असतो, मग सॉफ्टवेअरने तरी जुळवायचं काय?

कॅमेरा लेन्सच्या ज्या बिंदूभोवती फिरायला हवा त्याला छायाचित्रकार नोडल पॉइंट म्हणतात. तो शोधायला जवळची एक काडी आणि लांबचं एक झाड एका रेषेत आणा. मग ती जोडी चौकटीच्या डाव्या कडेला येईल असा कॅमेरा वळवा, नंतर उजव्या कडेला. काडी आणि झाड एकमेकांपासून फाकली तर कॅमेरा ट्रायपॉडवर बसवलेल्या सरकत्या पट्टीवर मागे-पुढे सरकवून पुन्हा बघा. बहुतेकदा मागेच घ्यावा लागतो. पट्टी आणि ट्रायपॉड नसेल तर लेन्सला दोरी बांधून खाली छोटा दगड लटकवा. झाला ओळंबा. तो जमिनीवरच्या एकाच खुणेवर राहील असं बघत तुम्ही कॅमेऱ्याभोवती फिरा. दिसायला वेडगळ दिसतं, पण काम होतं.

काठ म्हणजे क्षितिज नव्हे

लांबच्या काठाची रेघ आडवी आली की पॅनोरामा सरळ झाला, ही समजूत फसवी आहे. काठ एका बाजूला जवळ आणि दुसऱ्या बाजूला लांब असेल तर ती रेघ तिरकी दिसणारच. तिला ओढूनताणून आडवी केली की सगळे डोंगर कलतात. त्यापेक्षा प्रतिबिंब बघा. सुळक्याचं टोक आणि त्याचं पाण्यातलं टोक नेहमी एकाच उभ्या रेषेत असतात. निसर्गाने आयता दिलेला ओळंबाच हा! हगिन या फोटो जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये या दोन टोकांवर उभ्या रेषेचे कंट्रोल पॉइंट, म्हणजे जुळणीसाठीच्या खुणा, लावता येतात. रुंदीभर अशा तीन-चार जोड्या लावल्या की चित्र सरळ उभं राहतं.

आणखी एक घोळ ट्रायपॉडचा. बॉल हेडवर, म्हणजे ट्रायपॉडच्या माथ्यावरच्या कुठेही कलणाऱ्या गोळ्यावर, कॅमेऱ्याची पातळी जुळवली, पण पाय तिरकेच राहिले, तर फिरवताना पातळी बिघडत जाते. आधी पायांची पातळी, मग कॅमेऱ्याची.

सरळ काठ पोटासारखा खाली फुगलेला दिसला तर घाबरू नका. सिलिंड्रिकल प्रोजेक्शनमध्ये, म्हणजे दृश्य नळकांड्यावर गुंडाळून मग सपाट उलगडायच्या पद्धतीत, तसंच दिसतं. रेक्टिलिनियर या सरळ रेषा सरळच ठेवणाऱ्या पद्धतीत रेघ सरळ राहते, पण साधारण 120 अंशांच्या पुढे कडेचे डोंगर रबरासारखे ताणले जातात.

उजेडाचे पट्टे

एक्स्पोजर मॅन्युअल ठेवूनही आभाळात पट्टे पडले? ऑटो आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याने उजेडाची संवेदनशीलता आपणहून बदलायची सोय, बंद केलीय का बघा. मी या एका गोष्टीवर एक अख्खी पहाट घालवली आहे. व्हाइट बॅलन्स (रंगछटेचा समतोल) आणि फोकसही एकदाच ठरवून टाका. मोजमाप उजळ बाजूचं घ्या, सूर्य मात्र टाळून.

पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा फिल्टर, काढून ठेवा. त्याचा परिणाम सूर्यापासून 90 अंशांवर सर्वांत जास्त असतो, त्यामुळे रुंद चित्रात निळ्या आभाळाच्या मधोमध गडद डाग पडतो. पाण्यातही कुठे तळ दिसतो, कुठे आरसा.

हलणारं पाणी

मला सर्वांत जास्त छळलंय ते यानेच. जोडणी करणारं सॉफ्टवेअर लाटांच्या चमचमाटातही साम्य शोधतं, आणि दोन फोटोंतली चमक एक असण्याचं कारणच नसतं. म्हणून पाण्यातले आणि ढगांवरचे कंट्रोल पॉइंट पुसून टाका. जुळणी जमिनीवरच होऊ द्या. मग मास्क वापरून, म्हणजे कुठल्या फोटोचा कुठला भाग दिसावा हे रंगवून ठरवत, सांधा प्रतिबिंबाच्या गडद भागातून न्या. दुरुस्ती म्हणून हे ठीक, पण वाऱ्याआधी पोचणं केव्हाही सोपं. वारा सुटलाच असेल तर एनडी फिल्टर (लेन्समध्ये येणारा उजेड कमी करणारी गडद काच) लावून प्रत्येक फोटो काही सेकंदांचा घ्या. लाटा मिसळून पाणी सारखं होतं आणि सांधा दिसत नाही. प्रतिबिंबाची धार तेवढी जाते.

एकमेकांवर येणारा भाग 30 टक्के ठेवा, पाणी जास्त असेल तर 40-50. फुल फ्रेम (36×24 मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर 50 मिमी लेन्स लावून कॅमेरा उभा धरला की आडवा आवाका सुमारे 27 अंशांचा मिळतो. म्हणजे 180 अंशांना 30 टक्क्यांच्या हिशोबाने नऊ-दहा फोटो. ढग पळत असतील तर ते ज्या बाजूला आहेत तिथले फोटो भराभर उरका.

आणि मालिका सुरू करताना व संपवताना लेन्ससमोर पंजा धरून एकेक फोटो काढा. चारशे सारख्याच निळ्या फोटोंमध्ये कुठली मालिका कुठे संपते, ते नंतर या पंजांवरूनच कळतं.