नाकाबंदीतील झडती आणि उलटतपास

जबरी चोरीच्या खटल्यात बचाव पक्षातर्फे मी प्रथम उभा राहिलो, तेव्हा माझा सारा भर रस्त्यात अडवलेल्या गाडीची झडती बेकायदा होती हे दाखवण्यावर होता. ते मी बऱ्यापैकी दाखवलेही. अशिलाला त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही. झडती सदोष ठरली म्हणून तीत सापडलेली वस्तू आपल्याकडे पुराव्यातून आपोआप वगळली जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पूरनमल खटल्यात १९७३ सालीच स्पष्ट केले आहे. त्यामुळे, वस्तू खरोखर त्याच गाडीतून, त्याच वेळी जप्त झाली का, या प्रश्नावर नव्या वकिलाने आपली शक्ती लावावी. चोरीचा माल गुन्ह्यानंतर लगेच आरोपीच्या ताब्यात मिळाला, तर न्यायालय त्याच्याविरुद्ध अनुमान काढू शकते. म्हणजे बहुतेकदा सारा खटला त्या एका पंचनाम्यावर तोललेला असतो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण आवश्यक आहे, तेव्हा दोषारोपपत्राबरोबर ते मिळाले नसेल तर आधी त्यासाठी अर्ज करावा. पंच 'नेहमीचा', म्हणजे पोलीस वारंवार बोलावतात असा, आहे का, हेही पाहावे, मात्र तेवढ्यावर विसंबू नये.

खरे काम वेळांच्या मेळात असते. स्टेशन डायरीतील नाकाबंदीला निघाल्याची नोंद, पंचनामा सुरू झाल्याची व संपल्याची वेळ, फिर्याद नोंदवल्याची वेळ आणि टोलनाक्यावरील नोंद ही सारी एका कागदावर ओळीने मांडावी. एका प्रकरणात पंचनामा पहाटे सव्वातीनला संपला होता आणि फिर्याद साडेचारला नोंदली गेली होती. तरीही जागेवरच लावल्याचे सांगितलेल्या मुद्देमालाच्या लेबलांवर, फिर्याद नोंदल्यावरच मिळणारा गुन्हा रजिस्टर क्रमांक होता. तपास अधिकाऱ्याकडून लेबले जागेवरच लिहून त्यांवर पंचांच्या सह्या घेतल्या, एवढेच वदवून घ्यावे आणि थांबावे. मी थांबलो नाही. क्रमांक तिथे कसा आला, असे विचारताच उत्तर आले, "तेवढा नंतर मुद्देमाल कारकुनाने लिहिला, वकीलसाहेब." युक्तिवादासाठी राखून ठेवायचा मुद्दा मीच त्यांना साक्षीत दुरुस्त करू दिला होता.