परदेशी बंदरात जाण्याआधी बोटीच्या रेडिओचे कागद
देशाबाहेर बोट न्यायची तर दोन वेगळे कागद लागतात: बोटीचा रेडिओ परवाना आणि बोलणाऱ्याचं ऑपरेटर प्रमाणपत्र. काही देश आपल्या हद्दीत छोट्या बोटींना सूट देतात. ती दुसऱ्या देशात धरू नका. परवान्यावर व्हीएचएफबरोबर (बोलायचा नेहमीचा रेडिओ) एआयएस (बोटीची ओळख आणि जागा आपोआप कळवणारं यंत्र) आणि रडारही नोंदवा.

खरा घोळ होतो तो एमएमएसआयचा, म्हणजे रेडिओवर बोटीची ओळख सांगणाऱ्या नंबरचा. ९ आकडी नंबर, त्यातले पहिले ३ ध्वजाचा देश, म्हणजे बोट जिथे नोंदलेली आहे तो देश, सांगतात. जुनी बोट घेऊन ध्वज बदलला की नंबरही बदलतो. पण बरेच सेट तो एकदा-दोनदाच भरू देतात, मग विक्रेत्याकडे खेटे. म्हणून परवाना हातात आल्यावरच नंबर टाका आणि एकेक आकडा ताडून पाहा. चुकला, तर चॅनल ७० वरचा डीएससी (बटण दाबताच आपोआप जाणारा डिजिटल) संकटसंदेश भलत्याच बोटीच्या नावाने जातो.