नोमोडसेटची कुबडी: लिनक्स टाकताना या चुका टाळा

लिनक्स मिंट, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार, टाकून झालं, पेनड्राइव्ह काढला, मशीन रीस्टार्ट केलं आणि समोर काळा पडदा. नवशिक्यांचा उपाय ठरलेला असतो: पुन्हा फॉरमॅट, पुन्हा इन्स्टॉल. तिसऱ्या खेपेलाही तोच काळा पडदा, मग 'लिनक्सच बेकार' असा निकाल. अहो, इन्स्टॉल पहिल्याच खेपेला नीट झालेलं असतं!

पेनड्राइव्ह कसा चालू केला होता ते आठवा. साध्या पर्यायाने पडदा काळा राहिला, म्हणून 'कम्पॅटिबिलिटी मोड' निवडला. हा मोड कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, 'नोमोडसेट' हा शब्द देतो. मग कर्नल ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) चालू करत नाही, फर्मवेअरने (मशीनमधल्या मूळ सॉफ्टवेअरने) दिलेल्या साध्या फ्रेमबफरवर (पडद्याच्या चित्राच्या मेमरीवर) काम भागवतो. एनव्हिडियाच्या काही कार्डांवर नूव्हो हा मुक्त ड्रायव्हर अडखळतो, तिथे हे कामी येतं. पण मिंटमध्ये ही सोय पेनड्राइव्हपुरती. डिस्कवरच्या सिस्टिमला तिचा पत्ताच नसतो.

सुटका अशी. चालू होताना यूईएफआय (नव्या पद्धतीचं फर्मवेअर) मशीनवर एस्केप, जुन्या बायोसवर शिफ्ट धरून ग्रबचा, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू आणा. एस्केप बडवत बसू नका, नाहीतर मेनूऐवजी नुसता 'ग्रब>' दिसेल. तिथे 'रिबूट' टाइप करून पुन्हा सुरुवात. मेनूतल्या पहिल्या ओळीवर ई दाबा. 'लिनक्स' शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीत 'क्वाएट स्प्लॅश'नंतर एक जागा सोडून नोमोडसेट लिहा, इंग्रजी लहान अक्षरांत, सलग. मग एफ १०. हा बदल त्या एका बूटपुरताच टिकतो, आणि तेवढाच हवा. आत गेल्यावर ड्रायव्हर मॅनेजरमधून शिफारस केलेला एनव्हिडिया ड्रायव्हर टाका, रीस्टार्ट करा, विषय संपला.

घाईची मंडळी इथेच शॉर्टकट मारतात: /एटसी/डिफॉल्ट/ग्रब फाइलमध्ये नोमोडसेट कायमचं चिकटवतात. पडदा दिसतो, सगळे खूश. मग बाहेरचा मॉनिटर सापडत नाही, ब्राइटनेस हलत नाही, व्हिडिओ लावला की पंखा घोंगावतो. कारण चित्राचं सगळं काम प्रोसेसर ओढतोय. टर्मिनलमध्ये 'जीएलएक्सइन्फो -बी' चालवा (शेवटचा बी इंग्रजी मोठ्या अक्षरात). रेंडररच्या ओळीत 'एलएलव्हीएमपाइप' (प्रोसेसरवर चित्र काढणारं सॉफ्टवेअर) दिसलं, तर कार्ड नुसतं शोभेला आहे.

फेडोरा या दुसऱ्या लिनक्सवर गंमत उलटी. 'बेसिक ग्राफिक्स मोड'मधून टाकलं की त्याचा इन्स्टॉलर नोमोडसेट न विचारता नव्या सिस्टिममध्ये नेतो. वापरणाऱ्याला कल्पनाही नसते. मशीन मंद म्हणून रॅम वाढवली जाते. ड्रायव्हर बसल्यावर 'ग्रबी' या कमांडने तो शब्द सगळ्या कर्नलच्या नोंदींतून काढा. डेबियनच्या इन्स्टॉलरची तऱ्हा तिसरीच: बूट ओळीत तीन डॅशच्या (---) उजवीकडे लिहिलेलं पुढे जातं, डावीकडचं तिथेच राहतं. म्हणून कुठलीही डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) असो, पहिल्या बूटनंतर 'कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन' चालवायची सवय लावा. कर्नलला काय काय मिळालंय ते एका ओळीत समोर येतं, अंदाज बांधायला नको.

इंटेल आणि एनव्हिडिया दोन्ही असलेल्या लॅपटॉपवर नोमोडसेट म्हणजे ढेकणासाठी घर जाळणं. त्याने चांगलं चालणारं इंटेलही बंद पडतं. त्याऐवजी 'नूव्हो.मोडसेट=०' द्या (शून्य इंग्रजी आकड्यात), फक्त नूव्हो बाजूला होतो.

जुन्या मशीनची ग्रब फाइल जशीच्या तशी नव्यावर आणू नका. तिच्यातल्या 'रिझ्युम='पुढे जुन्या स्वॅपचा (डिस्कवरच्या जादा मेमरीचा) यूयूआयडी (ओळख क्रमांक) असतो; नसलेली डिस्क शोधण्यात बूट रखडतं. जुनी एक्सऑर्ग.कॉन्फ (पडद्याची सेटिंग फाइल) तर आणूच नका, त्यातला बसआयडी (कार्डाच्या जागेचा पत्ता) नव्या कार्डाशी जुळेलच असं नाही.

ग्रब फाइल बदलून, तो बदल लागू करणारी 'सुडो अपडेट-ग्रब' कमांड विसरणारे रोज भेटतात. वेबपानावरून वळणदार अवतरणचिन्हं चिकटवणारेही. साधी सरळ चिन्हंच चालतात.

राहिला सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीची सही नसलेलं सॉफ्टवेअर बूटच्या वेळी अडवणारी सोय. उबुंटूवर ड्रायव्हर टाकताना पासवर्ड ठरवायला लावतात. पुढच्या बूटला निळा पडदा येतो, तिथे 'एनरोल एमओके' (ड्रायव्हरच्या सहीची की नोंदवा) निवडून तोच पासवर्ड द्यायचा. घाईत 'कंटिन्यू बूट' दाबलं तर ड्रायव्हर डिस्कवर असूनही लोड होत नाही. 'सुडो एमओकेयूटिल --इम्पोर्ट'पुढे त्या की-फाइलचा पत्ता देऊन ती पुन्हा नोंदवा आणि या वेळी निळा पडदा वाचा.